गिधाडीच्या माळावर उभं कोण

गिधाडीच्या माळाला भोक पडलं होतं, आणि ते फक्त प्रांजलच्या कॉम्प्युटरवर दिसत होतं.

खरा माळ होता तिथंच होता. आटपाडीच्या अलीकडं, तिच्या वस्तीच्या समोर पसरलेला, मुरमाचा आणि कुसळी गवताचा, मधोमध उंचवटा असलेला. आता त्याच्यावर एका कंपनीचा सोलर प्रकल्प होणार होता आणि कंपनीला माळाचा चढउतार नेमका कळायला हवा होता. ते काम प्रांजलला मिळालं. तिनं दोन दिवस माळावर ड्रोन उडवला, शेकडो फोटो काढले आणि विट्याला ऑफिसात येऊन ते कॉम्प्युटरच्या हवाली केले. कॉम्प्युटर ते फोटो एकमेकांशी जुळवून माळाचं मॉडेल बांधायचा. मग पडद्यावर माळ हवा तसा फिरवावा, वरून बघावा, बाजूनं बघावा. सगळा माळ नीट आला. उंचवट्याच्या माथ्यावर तेवढं काळं भोक राहिलं.

तिनं तो तुकडा परत चालवला. पंखा घरघरायला लागला, डबा हात लावू देईना एवढा तापला, आणि त्याच जागी येऊन काम बंद पडलं. फोटो कमी केले, तुकडा लहान केला, तरी तेच. भोकाच्या कडा दरवेळी थोड्या वेगळ्या यायच्या, पण जागा तीच.

प्रांजल मेंढपाळाची लेक. तिचे वडील अर्जुना, म्हणजे घरातले आबा, यांनी मिसरूड फुटायच्या आधीपासून मेंढरं वळली होती. पोरीनं आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला, कराडला एका इंजिनिअरकडे नकाशे काढले आणि मग विट्यात साडीच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेऊन स्वतःचं मोजणीचं काम सुरू केलं. विट्यात तिला 'ड्रोनवाली' म्हणत. अर्जुनांनी पहिल्यांदा ड्रोन पाहिला तेव्हा म्हणाले होते, "घार पाळलीस व्हय?" आणि मेंढरं बुजतील म्हणून कळप लांब नेला होता.

तिचा कॉम्प्युटर जुना, कुणाकडून तरी घेतलेला, मग हे बदल, ते जोड, असं करत आजवर ओढत आणलेला. कामं मोठी येऊ लागली होती, आणि ह्या कामांसाठी लागणारं मशीन घरच्या कॉम्प्युटरसारखं नसतं. त्याची किंमत ऐकून तिच्या आईनं विचारलं होतं, "एवढ्यात दोन खोल्या उठत्यात की. त्यात रहाता येतं का?" भाऊ इंद्रजित सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या धंद्यात कोइमतूरला. तो फोनवर म्हणायचा, "घेऊन टाक की गं. त्या खटाऱ्याला किती दिस ढकलतीस?" पण प्रांजलचं मन घट्ट होत नव्हतं. आबांनी तिला एक शिकवलं होतं. जनावर घ्यायचं तर आधी दिवसभर त्याच्या मागं चालून बघावं. म्हणून सांगलीच्या दुकानदारानं "तुमचं काम घेऊन या, आमच्या मशीनवर चालवून बघा" असं म्हटल्यावर ती माळाचे फोटो डिस्कवर घेऊन तासगावमार्गे सांगलीला गेली.

दुकानात साईराज नावाचा तंत्रज्ञ होता. बोलायला मऊ, हातानं चलाख. त्यानं तिला आतल्या गार खोलीत नेलं. मशीन टेबलाशेजारी उभं होतं, काळं, गुडघ्याच्या वर येईल एवढं. प्रांजलला वाटलं ते बंदच आहे.

"चालू आहे मॅडम," साईराज म्हणाला. "आवाज नाही करत."

फोटो आत गेले. तिचा जुना कॉम्प्युटर ज्याला दिवस घालवायचा ते काम दोघांचा चहा होईस्तोवर पुरं झालं. माळ पडद्यावर आला. गवताचे बुंधे वेगळे दिसावेत इतका साफ. आणि उंचवट्याच्या माथ्यावर भोक नव्हतं. तिथं कुणीतरी उभं होतं.

साईराजनं मॉडेल खाली वळवलं, जवळ घेतलं. माणसाएवढा उभा आकार. डोक्यावरून काहीतरी जाड पांघरलेलं, ते पाठीवरून खाली लोंबलेलं. काखेत टेकवलेली काठी. एक पाय जमिनीवर, दुसऱ्याचा तळवा पहिल्याच्या गुडघ्याला लावलेला. तोंड माळापलीकडच्या ओढ्याकडं, पण चेहऱ्याच्या जागी पांघरुणाचा काळोख होता. डाव्या बाजूला जमिनीसरशी एक बुटका उंचवटा.

"कुणीतरी मध्ये आलेलं दिसतंय तुमच्या," तो म्हणाला.

प्रांजलच्या हातातला कप तसाच राहिला. कुणी मध्ये आलं असतं तर ते दिसलं नसतं, हे तिच्या कामातलं पहिलं शिक्षण. ड्रोन एकाच जागेवरून पुन्हापुन्हा जातो. वाटेनं कुणी चाललं असलं तर ते एका फोटोत असतं, पुढच्यात नसतं, आणि मशीन त्याला पुसून टाकतं. हलत नाही तेच मॉडेलमध्ये उरतं. माळावर ती दोन दिवस उडवत होती. पहिल्या दिवशी सकाळी, दुसऱ्या दिवशी वारं पडल्यावर दुपारनंतर. जो कुणी होता तो दोन्ही दिवस पापणीसुद्धा न हलवता तिथं उभा असायला हवा होता. आणि ती स्वतः समोरच्या बांधावर रिमोट घेऊन उभी होती. माथा तिच्या डोळ्यांसमोर होता. माथ्यावर कुणी नव्हतं.

"मूळ फोटो उघडा," ती म्हणाली. "माथ्यावरचे."

साईराजनं एकेक उघडला. प्रत्येकात गवत, मुरूम, दगड. माणूस एकाही फोटोत नव्हता. तो हसत म्हणाला, "बघा, मशीनचाच घोळ." पण मग तिनं पडद्यावर बोट ठेवलं. गवतावर एक सावली पडली होती. लांब, काठीच्या रेघेसकट. सकाळच्या फोटोंत ती मावळतीकडे पडली होती आणि दुसऱ्या दिवशीच्या फोटोंत उगवतीकडे, जशी पडायला हवी तशीच. सावलीच्या मुळाशी नुसतं गवत होतं.

"लेन्सवर डाग असेल," साईराज म्हणाला. त्याला स्वतःलाच ते पटलेलं नव्हतं. "साफ करून देऊ का? एका झटक्यात निघेल."

"नको. आहे तसं राहू दे. हात लावू नका."

"बरं. मशीन तुमच्यासाठी आठवडाभर राखून ठेवतो. विचार करून सांगा."

परतीच्या एसटीत ती मशीनचा विचार करणार होती. तिला फक्त तो वर घेतलेला पाय आठवत राहिला. असं उभं राहणारा माणूस तिच्या ओळखीचा होता. घोंगडं डोक्यावर घेऊन, काठी काखेत धरून, एका पायावर आबा तास न् तास उभे राहायचे. लहानपणी ती भाकरी घेऊन माळावर जायची तेव्हा लांबून झाड कुठलं आणि बाप कुठला हे तिला कळायचं नाही. पण आबा दोन वर्षं झाली खाटेवरून उठले नव्हते. लकव्यानं उजवं अंग गेलं होतं. मेंढरं विकली होती. पडवीत खाट टाकली होती, माळ दिसेल अशी, आणि ते दिवसभर तिकडं बघत पडून असायचे.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती माळावर गेली. वैशाखातलं ऊन होतं. गवत वाळून पांढरं पडलं होतं आणि वारा नसल्यानं काही म्हणता काही हलत नव्हतं. ड्रोनच्या आकड्यांवरून तिनं नेमकी जागा काढली. तिथं काहीच नव्हतं. दगड नव्हता, झुडूप नव्हतं, पायाखाली दबलेलं गवतसुद्धा नव्हतं. डाव्या बाजूच्या बुटक्या उंचवट्याच्या जागी सपाट मुरूम होता. तिथून वस्ती दिसत होती. घराचा पत्रा चमकत होता, पडवीतली खाट काडीएवढी.

ती त्या जागेवर उभी राहिली आणि लगेच बाजूला झाली. वडीलधारं माणूस वाटेत उभं असलं की आपण अंग चोरून सरकतो, तसं तिचं अंग आपोआप सरकलं. मागं बघायचं नाही असं ठरवून ती माळ उतरली.

पडवीत आबा जागे होते. नजर माळावर.

"वर गेलतीस?" त्यांनी विचारलं. अर्धं तोंड वाकडं असल्यानं शब्द ओले यायचे, पण घरच्यांना कळायचे.

"व्हय आबा. मोजणीचं जरा बघायचं हुतं."

"जवळ येऊन बी बोलली न्हाईस."

"आत्ताच तर आले मी."

"हितं न्हवं," आबा म्हणाले. "तितं."

प्रांजल खाटेच्या कडेला बसली. आबांनी डावा हात उचलून माळाकडं केला. "लांड्या उठला आसंल तुला बघून. डाव्या अंगाला पडून असतंय ते माझ्या. शेपूट न्हाई, पर हलवाय बघतंय."

लांड्या त्यांचा कुत्रा. तो दिवाळीत मेला होता. आबांच्या जिवाला लागेल म्हणून ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगलीला पडद्यावर काय दिसलं हे प्रांजलनं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

ती आत गेली. धोंडुबाई, तिची आई, चुलीपुढं बसली होती. प्रांजलनं हळू आवाजात सगळं सांगितलं. धोंडुबाईनं भाकरी फिरवली, निखाऱ्यावर टाकली, फुगू दिली.

"रोज सांगत्यात मला," ती मग म्हणाली. "सकाळच्या पारी म्हणत्यात, येतो गं. उन्हं उतरली की म्हणत्यात, आलो. मी म्हणते, जावा. पडून पडून जीव तर किती मारायचा माणसानं."

"आई, ते खरंच तिथं दिसत्यात."

"मग दिसू दे की. कुणाच्या वाटंत हायत का?"

दोन दिवसांनी ती पुन्हा वस्तीवर आली होती. दुपारची जेवणं आटोपली होती. आबा उशाला घोंगडं घेऊन माळ बघत होते, प्रांजल पायरीवर बसली होती. तेवढ्यात साईराजचा फोन आला. आवाज उत्साहाचा.

"मॅडम, तुमचं मॉडेल क्लीन करून ठेवलंय. मालक म्हणाले, मॅडमना दाखवा किती पटकन होतं. तो आकार काढला, खालची जमीन भरून घेतली. आता कुणाला कळणारही नाही."

"कधी काढला?"

"आत्ताच. काढला आणि लगेच तुम्हाला फोन लावला."

मागं खाट करकरली. आबांनी मान फिरवली होती. गेली दोन वर्षं दिवसा ज्यांची नजर माळावरून निघाली नाही ते आबा कुडाच्या भिंतीकडं बघत होते. मग त्यांनी अंगावरच्या वाकळेला हात लावून पाहिला, खाटेच्या दोरीला लावून पाहिला.

"उन्हं उतरली का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई आबा. दुपार हाय अजून."

"मग मी घरात कसा?"

फोनमध्ये साईराज हॅलो हॅलो करत होता.

त्या दुपारपासून आबा माळाकडं बघेनात. खाट फिरवली तर डोळे मिटून घेत. घास तोंडात घेत आणि तो चावायचा असतो हे विसरल्यासारखे तसेच राहत. एकसारखे विचारत, मेंढरं कुणाजवळ हायत? धोंडुबाई म्हणे, हायत, हायत. त्यावर ते म्हणत, "न्हाईत. कुणी न्हाई तितं. मी बघून आलो, माळ मोकळा हाय." एकदा त्यांनी बायकोला विचारलं, आपण कुठं हाय, आणि तिनं घर म्हटल्यावर पाहुण्याच्या घरी बसावं तसे अवघडून राहिले. आटपाडीचे डॉक्टर येऊन तपासून गेले. म्हणाले, वय झालंय, असं होतं.

धोंडुबाईनं लेकीला परसात नेलं. "पुसलं ते परत काढता येतंय का?"

"फोटो हायत माझ्याकडं. पण माझ्या कॉम्प्युटरला ते जमत न्हाई. तिथं येऊन बंद पडतंय."

"मग जमंल त्याच्याकडनं काढ."

"दुकानातल्या मशीनवर काढलं तर परत कुणीतरी पुसंल आई. त्यांच्या लेखी तो कचरा हाय."

"मग ते मशीनच घरी आण," धोंडुबाई म्हणाली. दोन खोल्यांचा विषय तिनं काढला नाही.

प्रांजलनं तरी एक दिवस घेतला. कामासाठी मशीन लागतं हे खरं होतं. ते आलं तर जत, माण, सगळीकडची मोठी कामं घेता येणार होती, हेही खरं. आजवर ह्याच गोष्टी तिनं उलटसुलट करून पाहिल्या होत्या आणि तिचा निर्णय झाला नव्हता. आता निर्णय झाला होता आणि त्याचं कारण ती कुणाला सांगू शकत नव्हती. इंद्रजितला तिनं एवढंच कळवलं, घेतेय. तो खूश झाला. साईराजला फोन केला तेव्हा त्यानं विचारलं, "विट्याला पाठवू ना, ऑफिसवर?"

"नको. वस्तीवर."

साईराज स्वतःच टेम्पोतून मशीन घेऊन आला. मधल्या खोलीत टेबल मांडलं, इन्व्हर्टर जोडला, वायरी बांधल्या. धोंडुबाईनं मशीनला हळदकुंकू लावलं. जाताना तो पडवीत थबकला. भिंतीकडं तोंड करून पडलेले आबा, कोपऱ्यात टेकवलेली उंच काठी, उशाचं काळं घोंगडं, हे त्यानं पाहिलं. मग समोरच्या माळाकडं पाहिलं.

"मॅडम, हे वडील?"

"हो."

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. धोंडुबाईनं पुढं केलेला चहा त्यानं दोन घोटांत संपवला, बशी खाली ठेवली आणि टेम्पोवाल्याला घाई करायला लागला.

प्रांजलनं दार लोटून घेतलं आणि फोटो मशीनला दिले. मशीनचा आवाज येत नव्हता म्हणून बाहेरचा प्रत्येक आवाज येत होता. कोंबड्या, लांबचा ट्रॅक्टर, पडवीतून आबांचा श्वास. पडद्यावर माळ ठिपक्याठिपक्यानं भरत गेला. आधी कडा, मग उतार, मग उंचवटा. माथा सगळ्यात शेवटी आला.

आकार परत आला होता. घोंगडं, काठी, बाजूला लांड्या. फोटो तेच होते, मशीन तेच होतं, एकही गोष्ट तिनं बदलली नव्हती. तरी ह्यावेळी तो आकार वळलेला होता. पहिल्यांदा त्याचं तोंड पलीकडच्या ओढ्याकडं होतं. आता ते वस्तीकडं होतं. पांघरुणाच्या आत अजूनही चेहरा नव्हता, पण कुठं बघतोय हे कळत होतं.

पडवीतून आबांचा आवाज आला. "धोंडे. घर दिसाय लागलं गं."

ती बाहेर आली तेव्हा त्यांनी मान माळाकडं फिरवली होती. धोंडुबाई पदरानं तोंड पुसत उभी होती. थोड्या वेळानं आबांनी भाकरी मागितली आणि दुधात कुस्करलेली ती सगळी खाल्ली.

एक गोष्ट उरली होती. कंपनीला मॉडेल द्यायचं होतं आणि ते माणसासकट देता येत नव्हतं. प्रांजलनं मॉडेलची दुसरी प्रत काढली. आकार निवडला, तो पडद्यावर लाल झाला, आणि तिचं बोट बटणावर अडलं. तिनं आईला हाक मारली. धोंडुबाई पडवीत आबांचा हात हातात घेऊन बसली आणि तिथूनच म्हणाली, "पूस आता."

तिनं पुसलं.

"काय झालं का?"

"काय न्हाई. पान मागायला लागलेत."

ती प्रत कंपनीला गेली. मूळ मॉडेल मशीनमध्येच राहिलं. प्रांजलनं ते पुन्हा उघडून पाहिलं नाही. ते आता कुठं बघतंय हे तिला जाणून घ्यायचं नव्हतं. पावसाळ्याच्या तोंडाला तिनं विट्याची खोली सोडली आणि सगळं काम वस्तीवर आणलं. लोक म्हणाले, बापासाठी आली. कामं मात्र वाढली. ती दोन खोल्या उठतील एवढं मशीनच्याच जिवावर कमावायला लागली, आणि धोंडुबाई झाडताना मशीनकडं पाठ करून कधी उभी राहिली नाही.

त्या हिवाळ्यात माळाला तारेचं कुंपण पडलं. माथ्यासकट सगळीकडं रांगेनं सोलरच्या पाट्या उभ्या राहिल्या. पडवीतून त्या नुसत्या काळ्या पट्ट्यासारख्या दिसायच्या. प्रांजलला काळजी वाटली होती, पण आबांचं काही बिनसलं नाही. एका सकाळी ती त्यांचं अंग पुसत होती. ऊन नुकतं माळावर चढलं होतं.

"तारंच्या आत कोण सोडतंय तुमाला?" तिनं विचारलं. आजवर तिनं त्यांना असं सरळ कधी विचारलं नव्हतं.

"मला कोण अडवतंय," आबा म्हणाले. "बरं झालं त्या पाट्या घातल्या ते. मेंढरास्नी सावली झाली. माळाला कवा सावली न्हवती."

"बसत्यात का खाली?"

"बसत्यात की. मी बी टेकतो. वरनं काळं हाय, पर खालनं पांढरं फेक हाय ते. वारं आलं की बारीक वाजतंय."

पाट्या लागल्यापासून घरातलं कुणीच माळावर गेलं नव्हतं. प्रांजलनं फडकं पाण्यात बुडवून पिळलं आणि आबांची पाऊलं पुसायला घेतली. टाचांच्या भेगांत मुरमाची तांबूस माती होती. तिनं ती नीट धुऊन काढली, पाणी परसात ओतलं आणि कामाला बसली.